दापोडीचें माप आणि परदेशचीं दुकानें

खडकी मागें टाकून हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली म्हणजे दापोडी लागते. हा दगडी पूल १८९५ सालचा. आतां त्याच्या शेजारून मेट्रोचे उंच खांब गेले आहेत. पण पवना मुळेस मिळते ती याच शिवारांत, आणि पावसाळ्यांत दोघींचें पाणी गढूळ होऊन चढूं लागलें म्हणजे आमच्या लहानपणीं जसें गांव नदीकांठीं जमत असे तसेंच आजही जमतें. इंग्रजी अमदानींत या गांवाचें नांव कागदोपत्रीं 'दापुरी' असें लिहीत. येथें मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला होता, आणि पुढें डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखालीं सरकारी वनस्पति-उद्यान होतें. तेथील झाडांचीं रंगीत चित्रें १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका गोवेकर पद्धतीच्या नांवनिशाणी नसलेल्या चित्रकारानें काढलीं; तीं आज एडिंबरो येथील उद्यानाच्या संग्रहीं 'दापुरीचीं चित्रें' म्हणून जपून ठेविलेलीं आहेत. दापोडीच्या माणसानें तेथें जाऊन 'दापोडी' असें विचारलें तर त्यास कदाचित् कांहींच मिळणार नाहीं. गांव एकच, संज्ञा दोन. ही गोष्ट आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, पुढील सारी हकीगत ह्याच जातीच्या घोटाळ्याची आहे. फक्त तींत गांवाऐवजीं अंगावरचे कपडे व पायांतले जोडे आहेत.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई-पुणें रस्त्याच्या कडेनें कारखाने उभे राहिले, तेव्हां दापोडीच्या वांट्यास स्वीडन देशाचे कारखाने विशेष आले. सँडविक, आल्फा लावल, अॅटलास कॉप्को हीं नांवें आमच्या शाळेंतील मुलें पाढ्यांबरोबर पाठ करीत, कारण कोणाचा ना कोणाचा बाप किंवा काका तेथें कामास असे. शिवाय राज्य परिवहनाचा मोठा कारखाना व लष्करी अभियंत्यांचें महाविद्यालय हीं आहेतच. आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत सर्व जण दादा म्हणतात, त्यांनीं अशाच एका कारखान्याच्या सिमेंटच्या जमिनीवर उभें राहून चौतीस वर्षें काढलीं. आम्ही मात्र मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों व लघुकौमुदीच्या आधारावर मुलांस संस्कृत शिकवीत राहिलों. आमच्या घरांत तीन चुली नाहींत, एकच आहे. तीवर सोळा माणसांचें शिजतें.

चिरंजीवांस नोकरीनिमित्त दोन वर्षें स्टॉकहोम येथें राहावें लागलें. त्यांच्या आग्रहावरून २०२३ सालच्या वैशाखांत आम्ही उभयतां तिकडे गेलों. आमच्या आयुष्यांतील हा पहिलाच परदेशप्रवास. निघण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकानें कांहीं ना कांहीं आणावयास सांगितलें, आणि आमच्या खिशांत चिठ्यांचा एक लहानसा जुडगा जमला. त्यांतील तीन चिठ्या येथें महत्त्वाच्या आहेत. धाकट्या बंधूंच्या सूनबाईनें गरम अंगरख्यासाठीं नुसता '३८' असा आंकडा लिहिला होता. सासऱ्यांसमोर अंगाचें माप बोलून दाखविण्याची आमच्या घरीं रीत नाहीं, आणि आम्हीही विचारिलें नाहीं. दुसरी चिठी तिच्या मुलाची. तीवर 'वय ६ वर्षें' इतकेंच. तिसरी दादांची. दादांस बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पायांस बंद व मऊ जोडा वापरा, चपला सोडा, असें वैद्यांनीं त्यांस कितीदां तरी बजावलें. पण येथील तयार जोडा त्यांस कधींच धड बसला नाहीं. "तिकडे जोडे चांगले असतात म्हणे. आठ नंबर आण," असें ते म्हणाले. त्यांच्या जुन्या जोड्याच्या तळाशीं तो आंकडा आम्हीही पाहिला होता.

स्टॉकहोम हें शहर बेटांवर वसलेलें आहे. एका बाजूस मेलारेन सरोवराचें गोड पाणी, दुसऱ्या बाजूस बाल्टिक समुद्राचें खारट पाणी, आणि मध्यें जुनें गांव. वैशाख असूनही वारा असा बोचरा कीं, आमच्या सौभाग्यवतींनीं शालीवर शाल घेतली. रात्रीं नऊपर्यंत उजेड असतो. संध्या कोणत्या वेळीं करावी असा आम्हांस पहिले दोन दिवस प्रश्न पडला होता. शहराच्या मध्यांतून द्रोत्निंगगातान म्हणजे 'राणीचा रस्ता' या नांवाचा लांबलचक रस्ता जातो. त्यावर गाड्यांस बंदी; दोहों बाजूंस दुकानें. तेथें एके दिवशीं चिठ्यांचा जुडगा घेऊन आम्ही निघालों.

प्रथम लहान मुलाचा कपडा घेतला. दुकानांतील मुलीनें "मूल किती वर्षांचें?" असें विचारिलेंच नाहीं, "उंची किती?" असें विचारिलें. तेथें मुलांच्या कपड्यांवर १०४, ११०, ११६, १२२ असे सहा सहाच्या अंतराचे आंकडे असतात, आणि ते मुलाच्या उंचीचे सेंटिमीटर होत. यांत मानभावीपणा नाहीं, गूढ नाहीं. आमच्या घरच्या माजघराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा ओढलेल्या आहेत. घरीं फोन करून विचारतां ११२ असें उत्तर आलें. तेव्हां ११६ चा अंगरखा घेतला, तो पुढें दीड वर्ष त्यास पुरला. साऱ्या खरेदींत हा एकच व्यवहार निर्वेध झाला.

सूनबाईच्या अंगरख्याची गोष्ट निराळी. ३८ हा आंकडा तेथील खुंटीवर तयारच होता. आंकडा जुळला म्हणून आम्ही समाधानानें पैसे मोजले. दापोडीस परत आल्यावर तो अंगरखा तिच्या खांद्यांतून पुढें सरकेना. दोष दुकानाचा नव्हता आणि तिचाही नव्हता. आपल्याकडील तयार कुडत्यावरचें ३८ म्हणजे छातीच्या घेराचे ३८ इंच, म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर. स्वीडन किंवा जर्मनींतील बायकांच्या कपड्यावरचें ३८ हें माप नसून एका गणिताचें उत्तर आहे: छातीचा घेर सेंटिमीटरांत घ्यावा, त्याचें निम्में करावें, त्यांतून ६ वजा करावे. ८८ चे निम्मे ४४, वजा ६, म्हणजे ३८. अर्थात् तेथील ३८ हें ८८ सेंटिमीटरांच्या, म्हणजे साडेचौतीस इंचांच्या, बाईसाठीं. आमच्या सूनबाईस ४२ हवें होतें. तीच अक्षरें, तोच उच्चार, आणि मध्यें साडेतीन इंचांचें अंतर!

व्याकरण शिकलेल्यास ही गोष्ट नवी वाटूं नये. पाणिनीच्या शास्त्रांत 'वृद्धि' म्हणजे वाढ नव्हे. आ, ऐ, औ या तीन स्वरांस दिलेली ती संज्ञा आहे. शास्त्राबाहेरचा अर्थ मनांत धरून जो सूत्र वाचील तो फसेल. आम्हीं चाळीस वर्षें मुलांस हेंच सांगितलें, आणि स्वतः राणीच्या रस्त्यावर उभे राहून ३८ या संज्ञेचा बाजारी अर्थ धरला.

ही संज्ञा देशोदेशीं पालटते तीही पाहण्यासारखी आहे. तीच ८८ सेंटिमीटरांची बाई जर्मनींत ३८, फ्रान्सांत ४०, इटलींत ४४, इंग्लंडांत सुमारें १२ आणि अमेरिकेंत सुमारें ८ होते. 'सुमारें' म्हणण्याचें कारण, इंग्लंड व अमेरिका येथें प्रत्येक कारखान्याचें मत स्वतंत्र आहे. अमेरिकेंत १९३९-४० मध्यें तेथील शेतकी खात्यानें जवळजवळ १५,००० स्त्रियांची मापें घेतलीं, दर स्त्रीचीं ५९ मापें! त्या आधारावर १९५८ सालीं सरकारी प्रमाण ठरविलें, तें कोणी पाळीना, आणि १९८३ सालीं तें मागें घेतलें. तेव्हांपासून तेथील दुकानदार गिऱ्हाइकास खूष करण्यासाठीं कपडा मोठा शिवून आंकडा लहान घालूं लागले. जी बाई आपल्या आईच्या वेळीं १४ ठरली असती ती आज ८ ठरते व आनंदानें पैसे देते. ह्याला आम्ही खुशामतीचें माप म्हणतों. भाटांनीं राजांची उंची वाढविली, हे कंबर कमी करितात, एवढाच भेद.

पुरुषांचे आंकडे त्या मानानें प्रामाणिक. कोटावर युरोपांत छातीच्या सेंटिमीटरांचें निम्में लिहितात. १०० ची छाती म्हणजे ५०. इंग्लंड-अमेरिकेंत सरळ छातीचे इंच. त्याच माणसास तेथें ४० लागेल. सदऱ्यावर बहुधा गळपट्टीचें माप असतें, इंग्लंड-अमेरिकेंत इंचांत व युरोपांत सेंटिमीटरांत. घोटाळा उरतो तो आपल्याच देशांत. येथील सदऱ्यावर ४० दिसलें म्हणजे एक जण तें गळपट्टीचे सेंटिमीटर समजतो, दुसरा छातीचे इंच, आणि दैवयोगानें मध्यम बांध्याच्या माणसाचे दोन्ही जुळतात म्हणून भांडण होत नाहीं.

आमच्या स्वतःच्या विजारीची मात्र गंमत झाली. चिरंजीव आम्हांस कामकरी लोकांच्या कपड्यांच्या दुकानांत घेऊन गेले, कारण तेथील कापड टिकाऊ. आमच्या कमरेस 'सी ५२' बसला, पण विजारीचे पाय चार बोटें जमिनीवर लोळूं लागले. दुकानदारानें हंसून दुसरी विजार आणली. तीवर आंकडा 'डी १०४'. आम्ही घाबरलों. तेव्हां कळलें कीं, तेथें उंच माणसासाठीं मूळ आंकड्यांत शंभर मिळवितात, म्हणजे १५२. आणि ठेंगण्यासाठीं मूळ आंकडा दुप्पट करितात, म्हणजे १०४. शेजारच्या जर्मनींत बायकांच्या कपड्यांत नेमकें उलट: ठेंगणीस निम्मा, ३८ चा १९, उंच बाईस दुप्पट, ७६. बाल्टिक समुद्र ओलांडतांच ठेंगणेपणा निम्म्यावरून दुपटीवर जातो! आमच्या सौभाग्यवती बाजूस उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, माझी साडी सगळ्या देशांत सहा वारच." वहिनी सोबत असत्या तर त्यांनीं नऊ म्हटलें असतें.

आतां दादांच्या जोड्याची हकीगत, आणि ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं.

आठ नंबर म्हणतांच दुकानांतील माणसानें भिंतीवरील तक्ता पाहून ४२ चा जोडा काढला. हिशेब बरोबर होता. जोडा ज्या साच्यावर ओढून शिवतात त्यास चांभार फर्मा म्हणतात. जोड्याचा आंकडा त्या फर्म्याच्या लांबीवरून निघतो, पायाच्या नव्हे. इंग्रजी पद्धतींत फर्म्याची लांबी इंचांत घेऊन तिची तिप्पट करावी व २५ वजा करावे. ११ इंची फर्मा, तिप्पट ३३, वजा २५, म्हणजे ८. अमेरिकेंत पुरुषांसाठीं २४ वजा करितात, म्हणून तोच जोडा तेथें ९. युरोपांत सेंटिमीटरांची दीडपट; ११ इंच म्हणजे जवळजवळ २८ सेंटिमीटर, त्याची दीडपट ४२. तिप्पट करण्याचें कारण असें कीं इंग्रजांचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, आणि तो त्यांच्याकडे जवाच्या दाण्याची लांबी म्हणून ठरलेला आहे. आपल्या अर्थशास्त्रांतही आठ यवांच्या मध्यांचें एक अंगुल सांगितलें आहे. म्हणजे दोन्हीकडे मोजणारा शेवटीं शेतांतच गेला. दोघांत भेद इतकाच कीं, आपण दाण्याची रुंदी धरली, त्यांनीं लांबी. आम्हांस हें सर्व इतकें रमणीय वाटलें कीं, ज्या पायांसाठीं जोडा घ्यावयाचा ते पाय चौतीस वर्षें सिमेंटवर उभे राहून पसरलेले आहेत ही गोष्ट आमच्या ध्यानांतून गेली. जोडा उत्तम चामड्याचा होता. किंमतही उत्तम होती.

दादांनीं तो घातला आणि "छान आहे," म्हणाले. दोन चार दिवसांनीं आम्हीं विचारिलें, "दादा, कोठें लागत तर नाहीं ना?" त्यावर उत्तर, "अरे, जोडा नवा आहे. पायाची नि त्याची ओळख व्हायला वेळ लागायचाच." धाकट्या भावानें एवढ्या दुरून आणलेली वस्तु, ती चावते असें तोंडावर कसें सांगावें, हा त्यांचा संकोच. शिवाय मधुमेहानें पायांची संवेदना मंदावते. निरोगी माणूस पहिल्याच दिवशीं ओरडला असता तेथें त्यांस नुसतें दडपल्यासारखें वाटत होतें. श्रावणांत एके संध्याकाळीं वहिनींनीं धुण्यासाठीं मोजे उचलले, तेव्हां डाव्या मोज्याच्या करंगळीशीं रक्ताचा डाग. त्या मोजा घेऊन तशाच आमच्या खोलीच्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. "भावोजी, हे बघितलंत का?" एवढेंच म्हणाल्या. करंगळीच्या मुळाशीं रुपयाएवढें कातडें गेलें होतें.

ती जखम भरावयास दोन महिने व नऊ दिवस लागले. वैद्यांनीं स्पष्टच सांगितलें होतें कीं, ती खोल गेली तर बोट जाईल. त्या काळांत दादांनीं एकदांही जोड्याचें नांव काढलें नाहीं, आणि आम्हांसही त्यांच्या नजरेस नजर देववेना. जोडा माळ्यावर ठेविला. गणपतीस दादा खुर्चीवर बसून आरतीस आले.

पुढें जखम बुजल्यावर आम्हीं जें आधीं करावयाचें तें केलें. एक तपकिरी कागद जमिनीवर पसरला. संध्याकाळची वेळ घेतली, कारण दिवसभराच्या वावरानें पाय थोडे सुजतात. दादांस कागदावर उभें केलें; बसलेल्या माणसाचा पाय भार नसल्यानें आंखूड व अरुंद भरतो. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पायांभोंवतीं रेघ काढली व टांचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजलें. उजवा पाय २६३ मिलिमीटर निघाला, डावा २७०! जन्मभर आम्ही ज्यांच्या पायां पडत आलों ते पाय सारखे नाहींत, हें आम्हांस साठीनंतर कळलें. पायापेक्षां फर्मा सुमारें दीड सेंटिमीटर लांब हवा; म्हणजे डाव्यास साडेअठ्ठावीस, आणि दीडपट केली तर ४३ च्या जवळ. ४२ चा जोडा उजव्या पायाचा होता. शिवाय रुंदीचा प्रश्न. कांहीं इंग्रजी व जर्मन कारखाने जोड्याच्या रुंदीसाठीं निराळें अक्षर लिहितात. जी, एच असें पुढें जावें तसा जोडा रुंद. तें अक्षर आम्हीं मागितलेंच नव्हतें. आपल्या लोकांचे पाय युरोपियनांपेक्षां रुंद असतात ही नुसती समजूत नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळांत देशांतील ७९ ठिकाणीं लाखावर लोकांचे पाय मोजले, त्यांतही तेंच निघालें, आणि त्यावरून आपल्या पायांसाठीं 'भा' नांवाची नवी मापपद्धति सुचविण्यांत आली. कपड्यांसाठींही निफ्ट या संस्थेनें सहा शहरांत पंचवीस हजारांवर माणसांचीं मापें यंत्रानें घेतलीं आहेत. आज ना उद्यां आपल्या अंगाचा आंकडा आपल्याच मापांतून निघेल.

तोंपर्यंत आमच्या घरीं एक वही केली आहे. तींत प्रत्येकाची छाती, कंबर, नितंब, खांदा, बाही, उंची व दोन्ही पाय सेंटिमीटरांतच लिहिले आहेत. 'नंबर' हा शब्द वहींत घालावयाचा नाहीं असा नियम आहे. बायकांचीं पानें बायकांनींच लिहिलीं व दुमडून दोऱ्यानें बांधलीं. जो परदेशीं जाईल त्याच्या बायकोच्या हातीं तो दोरा सुटतो. चांगला बसणारा एखादा जुना कपडाही बरोबर द्यावा, जसा आपण शिंप्यास मापाला देतों. दुकानांत नव्यावर जुना पसरून पाहिला कीं तक्त्याची गरज राहत नाहीं. पावती जपावी. स्वीडनांत दुकानांतून घेतलेला माल परत घेण्याचें कायद्याचें बंधन दुकानदारावर नाहीं. बहुतेक दुकानें आपखुषीनें कांहीं दिवसांची मुदत देतात, ती पैसे देण्यापूर्वींच विचारून घ्यावी. आम्हीं विचारिली नव्हती. आणि तेथील मुदत दापोडीस पोंचेपर्यंत कशी पुरावी, हाही प्रश्नच. सूनबाईचा अंगरखा तिच्या धाकट्या बहिणीस गेला व तिला तो उत्तम बसला.

२०२५ सालीं चिरंजीव पुन्हां तिकडे गेले, तेव्हां तो तपकिरी कागद घडी घालून त्यांनीं बरोबर नेला. दुकानदारानें तो जमिनीवर पसरला, वरून जोड्यांचे तळवे ठेवून पाहिले, आणि ४३ चा रुंद जोडा काढून दिला; उजव्या पायासाठीं आंत घालावयास एक पातळ गादीही दिली. दादा आतां तो जोडा घालून रोज सकाळीं हॅरिस पुलापर्यंत जाऊन येतात. पहिल्या आठवड्यांत त्यांस अर्ध्या तासावर तो घालूं दिला नाहीं. आजही संध्याकाळीं ते ओसरीवर बसले कीं वहिनी त्यांस मोजे काढावयास लावितात, दिव्याजवळ पाय उचलून करंगळीपासून टांचेपर्यंत पाहतात, आणि मग आम्हांस हांक मारितात. आम्ही चष्मा लावून पुन्हां एकदां पाहतों. दादा म्हणतात, "अरे, आतां पुरे झालं कीं!"